मित्रास पत्र: डिकीतली खडखड

धुळे,
रामनवमी

प्रिय संजू,

काय भो, कसा शेस? घरना बठ्ठा बरा शेतस ना?

गाडीचे फोटो बघितले. तू लालच घेणार हे ठाऊक होतं. जुनी का होईना, दोन सीटची पोर्शे केमन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या गल्लीत उभी राहणार म्हटल्यावर दुकानातली पोरं खूश आहेत. मी मात्र शेवटच्या फोटोवर अडकलो, मागची काच उघडून काढलेल्या. जॅक, टॉमी, दोन-तीन पाने, जंपर केबल, हवेचा पंप, आग विझवायचा लाल सिलिंडर, सगळं एका भाजीच्या पिशवीत, आणि पिशवी मागे मोकळी ठेवलेली. खाली तू लिहितोस, "इमर्जन्सीची सगळी तयारी झाली, फक्त वळणावर जरा खडखडतं." त्या खडखडीसाठी हे पत्र. फोनवर तू दोन मिनिटांत विषय बदलतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी जॅकचं बोलू. तो तू जुन्या गाडीतून काढून आणलास, बरोबर ना? पण या गाडीत स्टेपनी कुठे आहे? चाक बदलायला दुसरं चाकच नाही, मग जॅक आणि टॉमी घेऊन रस्त्यात करणार काय? आपल्याकडे 2020 पासून नियमच असा झाला की छोट्या गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालतं. या जातीच्या गाड्या तर त्याआधीपासून स्टेपनीशिवायच येतात. त्यात तो जॅक उंच गाडीचा. केमनच्या पोटाखाली तो आधी शिरणारच नाही, आणि शिरवलास तरी चुकीच्या जागी लागून पत्रा चेपेल. तेव्हा जॅक आणि टॉमी दोन्ही पुण्यात घरी ठेव. पिशवीतलं निम्मं वजन तिथेच गेलं.

आता उरलेल्याचं. साध्या गाडीत डिकी वेगळी असते, मध्ये मागची सीट असते, काही सुटलं तर ते सीटच्या पाठीला लागून थांबतं. केमनमध्ये मागचं सामान आणि तुम्हा दोघांची डोकी एकाच खोलीत. इंजिन मध्ये, सीटच्या पाठीमागे, त्याच्यावर गालिचा, आणि वर तुझी पिशवी. साधा ब्रेक दाबलास तर काही होणार नाही. पण ही गाडी घेऊन तू साधा ब्रेक दाबणार नाहीस, मी तुला ओळखतो. कचकन दाबलास की लोखंड गालिच्यावर धरून राहत नाही, घसरत पुढे येतं. तेवढ्याने फार तर खांदा शेकेल. खरी भीती धडकेची. किती उंचीवरून पडलं की किती वेग येतो, त्यासाठी प्रताप कॉलेजात आपण वेगाचा वर्ग भागिले दोन जी घोकला होता ना? तो आता लाव. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 22 मीटर. उत्तर येतं 25 मीटर. म्हणजे गाडी जागीच थांबली आणि पाना थांबला नाही, तर आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून कुणी तो पाना तुझ्या डोक्यात सोडल्यासारखं आहे. आणि ताशी 80 हा आपल्या नाशिक-धुळे रस्त्यावर काही वेग नाही, रसवंतीवाल्याचा टेम्पोसुद्धा तेवढा पळतो.

म्हणून बांधायचं. कशाने, तेही सांगतो. मोटरसायकलच्या मागे लावतात ती रबराची दोरी इथे नको. ती ताणली जाते, वस्तू आधी पुढे येते आणि मग दोरी तिला जोरात मागे खेचते. सामानाची जाळी कपड्यांच्या बॅगेला ठीक, लोखंडाला नाही. इंचभर रुंदीचा रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्याने आवळायचा, घे, मालेगावला किंवा आमच्या आग्रा रोडला ट्रकच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. धडकेत वस्तूचा जोर क्षणभर तिच्या वजनाच्या वीस-तीस पट होतो. चार किलोची गुंडाळी म्हणजे ऐंशी ते एकशेवीस किलोचा ओढा. चांगला पट्टा तेवढं सहज पेलतो. प्रश्न पट्ट्याचा नसतो, हुक कशात अडकवलास त्याचा असतो. गालिच्याच्या कडेला किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाला अडकवलेला हुक म्हणजे नुसतं मनाचं समाधान. मागच्या भागात पत्र्याला घट्ट बसवलेल्या कड्या आहेत का ते हाताने ओढून बघ. असतील तर पट्टा त्यांतूनच घे. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नकोस, आणि कुणी "भाऊ, इथे एक भोक पाडून नट मारून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठव. त्या पत्र्याखाली काय काय जातं ते त्याला माहीत नसतं.

आणि मोकळी पिशवी तर नकोच. इथे आमच्या दुकानाशेजारी ट्रॅक्टरची सीट कव्हरं शिवणारा एक जण आहे, हात फार सफाईदार. त्याच्याकडून जाड कॅनव्हासची गुंडाळी शिवून घेऊ. प्रत्येक पान्याला आपला खण, वरून झाकणी, गुंडाळून दोन पट्टे आवळायचे. खण अंगासरशी शिवला की लोखंड लोखंडाला लागत नाही आणि खडखड तिथेच संपते. पोरं म्हणाली फोम घाला, मी नको म्हटलं. फोम उन्हात भुरभुरतो आणि गालिच्यात बसतो. गुंडाळीच्या खालच्या अंगाला व्हेल्क्रोची खरबरीत बाजू लावली की ती गालिच्याला पकडते, पण ते फक्त सरकू नये म्हणून. धरून ठेवायचं काम पट्ट्याचंच. गुंडाळी सीटच्या पाठीला अगदी टेकवून, आडवी ठेवायची. मध्ये वीतभर जागा सोडलीस तर तेवढ्या अंतरात तिला वेग घ्यायला वाव मिळतो. आणि एक बघ, या गाडीचं ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं मागच्याच डिकीत असतात. त्यांच्यावर काही बांधून ठेवू नकोस, नाहीतर ऑइल टाकायला गेलास की आधी सगळा संसार सोडावा लागेल.

आता जंपर केबल, उतरलेल्या बॅटरीला बाहेरची बॅटरी जोडायची ती. यात खरी गंमत आहे. तू लिहिलंस की पुण्याच्या मेकॅनिकने केबल पुढच्या डिकीत ठेवायला सांगितली, पुढे जागा खोल आहे म्हणून. इंजिन मध्ये, त्यामुळे या गाडीला पुढेही डिकी. जागा खोल आहे, खरं. पण तुझ्या गाडीची बॅटरीही तिथेच पुढे आहे, आणि पुढचं झाकण उघडतं विजेवर. बॅटरी उतरली की झाकण उघडणार नाही. झाकण उघडलं नाही की केबल आत आणि तू बाहेर! तशा वेळेसाठी पायाशी फ्यूज बॉक्समध्ये एक लाल टोक बाहेर ओढायची सोय असते. त्याला बाहेरच्या बॅटरीचं अधिक लावायचं, वजा दाराच्या लोखंडी भागाला, तेवढ्याने झाकणाचं कुलूप सुटतं आणि मग खरं जंपर पुढे जाऊन मारायचं. गाडीच्या पुस्तकात तुझ्या मॉडेलची नेमकी जागा दिलेली असेल, ते पान फोटो काढून फोनमध्ये ठेव. पण हे सगळं करायला केबल हातात हवी. म्हणून केबल मागे, सीटवरून हात टाकला की लागेल अशी. दार किल्लीने उघडतं, तेवढं उघडलं की पुरे.

कुठली वस्तू कुठे ठेवायची, याला मी एवढंच लावून बघतो, ती लागेल तेव्हा गाडीची अवस्था काय असेल? काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायची सुरी लागते ती गाडी उलटलेली असताना, तू पट्ट्यात लटकलेला असताना. मग ती मागे गुंडाळीत असून काय उपयोग? ती चालकाच्या हाताशी, दाराच्या किंवा कन्सोलच्या बाजूला पक्की. लाल त्रिकोण लागतो रात्री, घाटात, मागून ट्रक येत असताना. तेव्हा वहिनींच्या दोन बॅगा रस्त्यावर काढून मग त्रिकोण शोधायचा नाही, तो सगळ्यांच्या वर हवा. टॉर्चचंही तेच. गाडी ओढायचा हूक बहुतेक पुढच्या डिकीत कंपनीच्या किटमध्ये असेल, तोही काढून मागच्या गुंडाळीत घाल. झाकण बंद आणि हूक आत असला तर आपले क्रेनवाले बंपरलाच साखळी लावतील, आणि तो बंपर काय भावाचा आहे ते तुला माहीत आहे. ओढायला नेहमी सपाट पाठीची गाडीच बोलाव. चाक चोरीला जाऊ नये म्हणून असतो त्या चोर-बोल्टची चावी, ती छोटी टोपी, ग्लव्ह बॉक्समध्ये. स्टेपनी नसली तरी पंक्चरवाल्याकडे चाक उतरवावंच लागतं, आणि ती टोपी नसली की तिथे छिन्नी-हातोडी निघते.

सिलिंडर तू एक किलोचा एबीसी पावडरचा घेतलायस, बरोबर घेतलास. त्याची जागा गुंडाळीत नाही. लोखंडी ब्रॅकेटमध्ये, क्लिपचा पट्टा लावून, शेजारच्या सीटच्या पुढच्या अंगाला, सीटच्याच बोल्टवर बसणारी पट्टी वापरून. असं ब्रॅकेट तयार मिळतं. गॅरेजवाल्याला एवढं बजाव की सीटखालच्या एअरबॅगच्या वायरी सोडवायच्या नाहीत. काटा हिरव्यात आहे का ते अधूनमधून बघ. गाडीच्या हादऱ्याने आतली पावडर तळाशी बसून घट्ट होते, तेव्हा कधीतरी काढून उलटा करून हलव.

आता आपल्या उन्हाचं. पुण्यात राहून तुला आखाजीचं ऊन विसरायला झालंय. त्या दिवसांत भुसावळ-जळगावकडे पारा 45 ला टेकतो, धुळ्यातही काही फार मागे नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत आतली हवा 60 च्या वर सहज जाते, आणि तुझी मागची काच तर आडवी, सगळं ऊन सरळ सामानावर. त्यात खाली इंजिनची धग. आता पंक्चरच्या फवाऱ्याच्या डब्यावर काय छापलंय ते वाच, 50 अंशांच्या वर ठेवू नका. तो डबा गाडीत नकोच. कंपनीची पंक्चरच्या औषधाची बाटली आणि विजेवरचा पंप ठेव, बाटलीवरची मुदत बघून. ते औषध भरल्यावर 80 च्या वर पळवायची नाही, आणि टायर बाजूने फाटला असेल तर त्याचा काही उपयोग नाही, सरळ फोन कर. बॅटरी चालू करायचा तो लिथियमचा खिशात मावणारा पॅक तू घेणार म्हणत होतास, घे, पण गाडी उन्हात ठेवून उतरलास की तो सोबत घरात आण. केबल बिचारी उन्हाला घाबरत नाही, म्हणून मी अजून केबलवालाच आहे. एक जुनी पांढरी चादर ठेव, काचेवरून टाकायला. सामान दिसलं नाही की कुणाचं लक्षही जात नाही.

सगळं बांधून झालं की एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, ताशी चाळीसवर जोरात ब्रेक मार. रेडिओ बंद, काचा वर. मागून काही हललं तर ऐकू येईल. मग एक डावं वळण, एक उजवं. आवाज आला तर गाडीतच बसून अंदाज करू नकोस, उतरून एकेक वस्तू हाताने ओढून बघ. दर वेळी पट्टा थोडा ढिला झालेला सापडेल, कॅनव्हास दबतो म्हणून. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळ.

येताना नाशिकवरूनच ये. कन्नडचा घाट रम्य आहे, कबूल, पण खालच्या अंगाला रस्ता कसा असेल याचा भरवसा नाही आणि तुझी गाडी जमिनीला टेकून चालते. चांदवड ओलांडलं की राहूड घाटात ट्रक रांगेने उतरतात, तिथे मस्ती नको. दुपारी निघू नकोस. पहाटे निघालास तर ऊन चढायच्या आत लळिंगचा किल्ला दिसेल, मग काय, आलासच. अमळनेरला संध्याकाळी जाऊ. आईला पितरांची घागर भरायची आहे, तू असलास तर तिला बरं वाटेल. आमरस आणि खापरावरचे मांडे ठरलेत. शेवभाजी मी वेगळी सांगून ठेवली आहे, झणझणीत, तुमच्या पुण्यातल्यासारखी गोड नाही.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या एकाच बॅगेला जागा आहे हे त्यांना तूच सांग, मी नाही सांगणार.

तुझा,
भूषण

ता.क. मागच्या तळाची लांबी-रुंदी इंचांत मोजून पाठव, आणि ऑइलचं तोंड व कड्या कुठे येतात त्याची कागदावर खूण कर. शिवणारा आखाजीच्या आठवड्यात दुकान बंद ठेवतो, तेव्हा माप या आठवड्यातच हवं. गुंडाळी मी पार्सलने पुण्याला पाठवतो, म्हणजे येताना गाडीत बांधलेली असेल.