मुलीचं खातं गोठवून तिची दिव्यांग पेन्शन परत पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. शाखाधिकारी,
निपाणी शाखा, जि. बेळगाव

प्रत: तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय

महोदय,

आपल्या शाखेत माझ्या मुलीचं बचत खातं आहे. ती अल्पवयीन असल्यामुळे आई म्हणून खातं मी चालवते. मुलगी दहा वर्षांची आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे. या खात्यात महिन्याला एकच रक्कम जमा होते, कर्नाटक सरकारकडून मिळणारी तिची दिव्यांग पेन्शन. आमच्याकडे सगळे त्याला पगारच म्हणतात. पगार जमा झाला की मी काढते आणि फिटचं औषध, डायपर, थेरपीला जायचं बसभाडं यात तो संपतो. असलं खातं तुम्ही 'केवायसी बाकी' म्हणून गोठवलंत. आता आलेले पैसे आल्या वाटेने परत जातात. कारण लेखी मागितलं तर "सिस्टीमनं होल्ड लावलाय" एवढंच तोंडी उत्तर मिळतं.

आधी सरकारी बाजू सांगते, कारण तुमच्या काउंटरवर ती कुणी ऐकूनच घेतली नाही. बौद्धिक अक्षमतेचा दाखला लहान मुलांना कायमचा मिळत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी तो नवा करून घ्यायला सांगितलंय, अठराव्या वर्षीचा मग जन्मभर चालतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूंनी, म्हणजे गावातल्या दिव्यांगांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्यांनी, हे आधीच सांगून ठेवलं होतं. मुलीला बेळगावला मेडिकल बोर्डापुढे नेलं, तपासणी झाली, यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, नवं पिवळं कार्ड आलं. ते नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या कचेरीत, जोडलं आणि पेन्शन पुढे चालू झाली. सरकारी कचेऱ्यांना नावं ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, पण जे काम अवघड होईल म्हणून मी धास्तावले होते ते झालं. अडलं ते बँकेत, जिथे नुसतं आलेले पैसे खात्यात ठेवायचं काम होतं.

तुमच्या कर्मचाऱ्यांनी पहिलं कारण सांगितलं ते असं, की शाखेत लावलेल्या जुन्या दाखल्याची मुदत संपली म्हणून केवायसीही संपली. हे कुठल्या नियमात बसतं ते मला दाखवा. ओळखीसाठी रिझर्व्ह बँकेने ठरवलेली कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. त्यांत अपंगत्वाचा दाखला नाहीच. मुलीला किती टक्के अपंगत्व आहे हे बोर्डानं ठरवलं, पेन्शन द्यायची का हे तहसीलदारांनी ठरवलं. बँकेनं ते पुन्हा तपासायचं कारण काय? तरीही मी नवं कार्ड दाखवलं. तेव्हा दुसरं कारण निघालं, मुलीचा अंगठा पाहिजे.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. पगाराचे दिवस, शाखा गच्च भरलेली, टोकनचं यंत्र सारखं टिंग करतंय. प्रत्येक टिंगला ती दोन्ही कान दाबून धरत होती. कान दाबलेल्या मुलीचा हात ओढून यंत्रावर ठेवायचा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कुणी एकदा करून बघा. बोट टेकलं की ती मूठ वळायची आणि यंत्रावर लाल दिवा. "बोट सरळ धरायला सांगा की ओ," असं मला सांगण्यात आलं. मागच्या रांगेतले लोक आधी चुकचुकले, मग कुरकुरू लागले. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायला मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून "डोळे मिचकाव" म्हणाले. ती मोबाईलकडे बघून हसली. हसण्यावर केवायसी होत असती तर तेव्हाच झाली असती.

शेवटी मला म्हणाले, तुम्ही पालक आहात, तुमचा अंगठा द्या. मी दिला, तोही जुळला नाही. साहेब, मी लग्नाआधीपासून विड्या वळते. भिजवलेलं पान, कात्री, दोरा आणि तंबाखू यांत बोटांच्या शेंड्यांवरच्या रेघा घासून गेल्यात. निपाणीत अशा बायका घराघरात आहेत. या गावात शाखा चालवायची आणि विडी कामगार बाईचा अंगठा उमटला नाही की तिच्याकडे संशयाने बघायचं, हे मला पटत नाही. आधार कार्ड हातात होतं, त्यावर फोटो आहे, समोर मी उभी होते. कार्डाची प्रत घेऊन, चेहरा बघून सही घेता आली असती.

नावाचंही एक आहेच. माझ्या मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने आहे, आणि कन्नड नोंदीवरून इंग्रजीत गेलेलं दुसऱ्या तऱ्हेने. सीमाभागात हे निम्म्या लोकांचं आहे, तुमच्या शाखेला ते नवं नसावं. आधार आणि पासबुक या दोन्हींवर नाव एकच आहे, तेवढं पुरे आहे.

मुलीच्या शाळेतल्या विशेष शिक्षिकेने मला नियम काढून दिले, ते तुमच्या माहितीसाठी. खातेदाराच्या माहितीत बदल नसेल तर मुदतीनंतरच्या केवायसीला नुसतं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. मुदत येण्याआधी बँकेने किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्राने, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सांगितलंय. मला पत्र आलेलं नाही. एक इंग्रजी मेसेज आला म्हणता, तो बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. नवा नंबर मी तुमच्याच फॉर्मवर लिहून दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे अपंग खातेदाराचे केवायसीचे कागद घरी येऊन घ्यायची सोय बँकेने ठेवायची असते. ही सोय तुमच्याकडे आहे का विचारलं तर काउंटरवरचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि डोळे मिचकावण्याबद्दल म्हणाल तर प्रज्ञा प्रसून खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी केवायसीत दुसरी पद्धत ठेवायला त्यात सांगितलंय. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांनी आणि एका अंध माणसाने लढून मिळवलेला निकाल आहे तो. निपाणीच्या शाखेलाही लागू आहे.

"जमत नसेल तर दुसऱ्या बँकेत खातं काढा," हा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त झोंबला. पेन्शन आधार नंबरवरून येते, एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या यादीत आधारला जे खातं जोडलंय तिथेच. नवीन खातं काढायचं, आधार तिथे जोडून घ्यायचं आणि तोवर दर महिन्याचे पैसे परत जाताना बघत बसायचं. तिकडे नाडकचेरीत हप्ते सारखे परत आले की लाभार्थी आहे की नाही याचीच चौकशी लागते. सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने तो देऊ नये.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट लिहिते. खात्यावरचा होल्ड काढा आणि आधारची जोडणी चालू आहे का ते तपासून मला सांगा. केवायसीचं निवेदन मी या पत्रासोबतच जोडलंय, माझी सही आणि आधारची प्रत आहे. अजून काही लागत असेल तर माणूस घरी पाठवा, मुलीला पुन्हा शाखेत आणणार नाही. परत गेलेल्या रकमांच्या तारखा आणि कारण शिक्क्यासह लिहून द्या, म्हणजे तहसीलदार कार्यालयात थकबाकी मागताना तो कागद लावता येईल. चूक बँकेची आहे हे त्यात असायला हवं, नाहीतर तिथे दोष माझ्यावर येईल.

या पत्राची पोच आजच्या तारखेने द्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे विचारून घेतलंय.

उत्तर मराठीत दिलंत तर मी स्वतः वाचेन, कन्नडमध्ये दिलंत तर शेजाऱ्यांकडून वाचून घेईन. कुठल्याही भाषेत द्या, पण कागदावर आणि सहीनिशी द्या.

आपली,
खातेदार मुलीची आई व पालक
(ता. निपाणी)

सोबत: केवायसी निवेदन, दोघींच्या आधारच्या प्रती, मुलीच्या यूडीआयडी कार्डाची प्रत, पासबुकाचं पहिलं पान, मोबाईल नंबर बदलल्याची पोच