पुरवणी बोलावते, अग्रलेख हाकलतो

महोदय,

पावसाळी भटकंतीवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारा आपला कालचा अग्रलेख मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात समोरचा चहा निवला आणि दुसऱ्या वाचनानंतर मी रद्दीच्या गठ्ठ्यातून आपलीच शनिवारची पुरवणी शोधून काढली. तिच्या पहिल्या पानावर पावसात चिंब होण्यासाठी दहा ठिकाणांची सचित्र यादी आहे आणि त्या यादीत कळसूबाईचा क्रमांक पहिला आहे. शनिवारी ज्यांना आपण अगत्याने डोंगरावर धाडलेत, त्यांनाच सोमवारी ‘हुल्लडबाज’ आणि ‘बेजबाबदार’ ठरवून आपण मोकळे झालात. पुरवणीचे संपादक आणि अग्रलेखाचे लेखक एकाच इमारतीत बसतात, अशी माझी आजवर समजूत होती. त्यांची जिन्यातसुद्धा गाठ पडत नसावी, हे काल समजले.

डोंगरावर हुल्लडबाज येत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. ते येतात, आणि त्यांच्यामागे दीड तास ताटकळत उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. तो सविस्तर सांगतो, कारण आपल्या अग्रलेखात डोंगर आहे, पाऊस आहे, बेशिस्त आहे, परंतु ती बेशिस्त प्रत्यक्षात कुठे आणि कशी होते, याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

आम्ही पाच मित्र महाविद्यालयात असल्यापासून दर पावसाळ्यात एक डोंगर चढतो. आता आमच्यातील सर्वांत धाकटा बावन्न वर्षांचा आहे, एकाच्या गुडघ्याला पट्टा असतो, आणि सर्वांच्या मिळून औषधांच्या पुड्या चिवड्याच्या पुड्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत. गेल्या वर्षी जुलैमधील एका शनिवारी आम्ही पहाटेच्या कसारा लोकलने निघालो आणि पुढे जीप करून घोटीमार्गे बारी गावात उतरलो. पायथ्याशी माणशी पावती फाडली गेली. ती आम्ही आनंदाने घेतली. गावाबाहेर भाताची आवणी चालली होती, पाऊस तिरपा लागत होता आणि पहिल्या तासाभरात आमची तक्रार एवढीच होती की आमच्या मागून येणाऱ्या टोळक्याजवळ गाणी वाजवणारा डबा होता आणि त्यातील गाणी आमच्या काळातील नव्हती.

खरी गंमत शिड्यांपाशी सुरू झाली. कळसूबाईच्या वाटेवर कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. मात्र आपली पुरवणी वाचून निघालेल्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण आपण त्या शिखरासाठी दिलेल्या पाच ओळींत ‘धुक्याची दुलई’ आणि ‘हिरवा शालू’ यांना जागा मिळाली आहे, शिड्यांना मिळालेली नाही. दुसऱ्या शिडीवर वर जाणारे खाली उतरायला तयार नव्हते, खाली येणारे वर थांबायला तयार नव्हते आणि मध्ये, बरोबर शिडीच्या अर्ध्यावर, वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी कठडा छातीशी कवटाळून उभी होती. पायऱ्यांखालील कातळावरून पाणी खळाळत होते, वारा असा होता की टोपी हाताने धरावी लागत होती, आणि त्या मुलीच्या पायात गुळगुळीत तळाचे कापडी बूट होते. तिचे मित्र खालून ‘काही होत नाही’ असे ओरडत होते आणि त्यांतील एक जण तिचे चित्रीकरण करीत होता. आमच्यातील एक जण निवृत्त मुख्याध्यापक आहे. त्याने शाळेच्या मैदानावर चालणारा आपला आवाज तिथेही लावून पाहिला. त्या गर्दीत एकही माजी विद्यार्थी नसावा. खालची रांग वाढत गेली, मागच्यांना पुढचे काही दिसेना आणि रेटा सुरू झाला. आमच्या शेजारी एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. इतक्या वर्षांच्या भटकंतीत मला डोंगराची भीती अनेकदा वाटली आहे. माणसांची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

तेवढ्यात खालून डोक्यावर कांद्यांचे पोते घेतलेला बारीचा एक तरुण आला. वर त्याची पिठले-भाकरी आणि भज्यांची झोपडी होती, असे नंतर समजले. त्याने पोते आमच्या मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिले, गर्दीतून वाट काढीत तो त्या मुलीच्या एक पायरी खाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘ताई, खाली बघू नका, माझ्याकडं बी बघू नका, फक्त पुढची पायरी बघा.’ मुलगी त्याच्यासोबत एक-एक पायरी वर गेली. मग त्याने वरच्यांना सांगितले की आधी खालची वीस माणसे वर येतील, मग वरची वीस खाली जातील, आणि मधे कोणी घुसले तर त्याला आपण स्वतः परत पाठवू. ज्या गर्दीने मुख्याध्यापकांना जुमानले नव्हते, तिने त्याचे मुकाट्याने ऐकले. वीस मिनिटांत शिडी मोकळी झाली. पोते परत घेताना मी त्याला विचारले, हे नेहमीचे आहे का? ‘काका, दर शनिवार-रविवारचं हेच हाये. मंग भजी तळायची कव्हा?’ एवढे बोलून तो पुढे गेला.

आपल्या अग्रलेखाच्या शेवटच्या परिच्छेदात सुचवलेली सरसकट बंदी लागू झाली, तर सर्वांत आधी भजी तळायची थांबतील ती याची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. बारीची माणसे त्याआधी कितीतरी पिढ्या तिथे भात लावत आली आहेत. ‘अभयारण्य मनुष्यमुक्त करा’ हे वाक्य लिहिताना त्यांना कुठे ठेवायचे, याचा विचार लेखकाने केलेला दिसत नाही.

आपण दाखल्यादाखल दोन दुर्घटना दिल्या आहेत. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली आणि 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. दोन्ही घटना वाचून त्या दिवशी जेवण गेले नव्हते, हे खरे. परंतु यांपैकी एकही घटना डोंगर चढताना घडलेली नाही. एक अचानक वाढलेल्या पाण्याची होती आणि दुसरी पुलाची होती. त्या दोन्हींचा हिशेब पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या प्रत्येकाच्या नावावर मांडणे, हा न्याय मला समजला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघणारे मनाई आदेश, म्हणजे आपले जुने जमावबंदीचे कलम 144, अलीकडे पावसाळ्यात ठिकठिकाणी लागतात. ते आदेश वाचून घरी बसतात ती आमच्यासारखी पन्नाशी ओलांडलेली माणसे, कारण वर्तमानपत्र वाचायची सवय आम्हालाच आहे. गाण्यांचा डबा घेऊन येणाऱ्यांनी तो आदेश वाचलेला नसतो आणि, क्षमा असावी, आपला अग्रलेखही वाचलेला नसतो.

मला प्रशासन चालवण्याचा अनुभव नाही. तरीही एवढे दिसते की सकाळपासून किती माणसे वर गेली, हा आकडा पायथ्याच्या पावतीपुस्तकात असतो. शिड्यांवर एका वेळी किती माणसे मावतात, हे त्या कांद्याच्या पोतेवाल्याला तोंडपाठ होते. या दोन आकड्यांची सांगड घालून गावातील चार तरुणांना शनिवार-रविवारची रोजंदारी आणि गळ्यात एकेक शिट्टी दिली, तर मनाई आदेशापेक्षा अधिक काम होईल. दुपारी अमुक वाजल्यानंतर कोणालाही वर सोडू नये, हेही त्यांनाच सांगता येईल. आपल्या अग्रलेखाला एवढी बारीक गोष्ट कदाचित शोभणार नाही.

कचऱ्याबद्दल मात्र आपण लिहिले आहे ते मान्य आहे, आणि त्यात मी थोडी भर घालतो. शिखराला जिचे नाव आहे त्या कळसूची कथा त्या भागात अशी सांगतात की ही मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. अट मोडून तिला तीच कामे सांगितली गेली, तेव्हा ती घर सोडून या डोंगरावर येऊन राहिली. तिच्या देवळाभोवती त्या दिवशी आम्ही वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या पाहिल्या. देऊळ एवढेसे आहे, आत तीन-चार माणसे जेमतेम उभी राहतात. धुक्यामुळे भंडारदऱ्याचे पाणी दिसले नाही, अलंग-मदन-कुलंग दिसले नाहीत, दहा पावलांवरचा मित्रही दिसत नव्हता. आम्ही देवळाच्या आडोशाला उभे राहून थर्मासमधला कोमट चहा वाटून घेतला, सापडतील तेवढी पाकिटे एका पिशवीत भरली आणि उतरायला लागलो. उतरताना शिड्यांवर वीस-वीसची पद्धत अजून पाळली जात होती.

यंदाही आम्ही जाणार आहोत, मात्र बुधवारी. शनिवारचे दिवस आता आपल्या पुरवणीच्या वाचकांसाठी सोडून दिले आहेत.

एक गोष्ट राहिली. पुरवणीत ‘कळसूबाई किल्ला’ या ओळीखाली आपण जे छायाचित्र छापले आहे, ते त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्यांचे आहे. हरिहर हा किल्ला आहे. कळसूबाई हे 1646 मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे आणि त्यावर किल्ला नाही. शालेय पुस्तकातील ही माहिती आहे, म्हणून आमचे मुख्याध्यापक माझ्यापेक्षाही अधिक संतापले आहेत. माझे बाकीचे पत्र जागेअभावी कापावे लागले तर हरकत नाही, परंतु छायाचित्राची दुरुस्ती येत्या शनिवारच्या पुरवणीत त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)