घरगुती फायबर जोडणीवर टॉरेंटचा वेग छुप्या पद्धतीने रोखल्याबाबत अपील

प्रति,
अपील प्राधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय/महोदया,

टॉरेंट (एकच फाइल अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यांनी उतरवण्याची पद्धत) माझ्या जोडणीवर रोखला जातो, ही माझी तक्रार तक्रार केंद्राने "सीड (पूर्ण फाइल देणारे संगणक) कमी असतील, राउटर बंद करून चालू करा" एवढ्यावर बंद केली. डॉकेट क्रमांक सोबत जोडला आहे. मोजमाप वेगळेच सांगते, म्हणून हे अपील.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी. तुमच्याच ॲपवर वापर २१२ जीबी दिसतो, तेव्हा एफयूपीचा (मर्यादा संपल्यावर वेग कमी करण्याचा) मुद्दा निकालात. संगणक लॅन केबलने जोडला होता, वायफाय नाही. चाचणीला उबंटू या मोफत संगणक प्रणालीची आयएसओ (स्थापनेची) फाइल घेतली. ती अधिकृत संकेतस्थळावरून थेटही मिळते आणि टॉरेंटनेही. (टॉरेंट म्हणजे पायरसी, असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर दोनदा सुनावले, म्हणून हा खुलासा.)

रात्री ९ वाजता ब्राउझरमधून फाइल ११ मेगाबाइटच्या वेगाने उतरत होती. ती थांबवून लगेच टॉरेंट लावला, यूटीपी (गर्दीत स्वतःच मागे सरणारी टॉरेंटची पद्धत) बंद, फक्त नेहमीची टीसीपी. ६१ पिअर (फाइल देणारे-घेणारे इतर संगणक) जोडलेले असूनही वेग १८० किलोबाइटच्या वर सरकेना. पोर्ट (जोडणीचा दारक्रमांक) टॉरेंटच्या नेहमीच्या ६८८१ ऐवजी ५१ हजारांतला घेतला, काही फरक नाही. मग क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट प्रोग्रॅममध्ये एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करणे) सक्तीचे केले. पिअर ३७ उरले आणि वेग ९ मेगाबाइटवर गेला. पिअर घटले तर वेग पन्नास पटींनी वाढला. यात सीडची कमतरता कुठे बसते? एन्क्रिप्शन नसलेल्या प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला 'बिटटॉरेंट प्रोटोकॉल' ही अक्षरे उघडी जातात. ती झाकल्याबरोबर अडथळा संपतो, याचा अर्थ वाटेत कोणीतरी ती वाचते आहे. पहाटे ५ वाजता मात्र एन्क्रिप्शनशिवायही १० मेगाबाइट मिळाले.

वायरशार्क या पॅकेटे टिपणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत तर आणखी स्पष्ट आहे. निरनिराळ्या देशांतल्या पिअरांच्या डेटा पॅकेटांचा टीटीएल (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकाने घटणारा आकडा) ४३ ते ११२ असा विखुरलेला आहे; पण त्यांच्याच नावाने आलेल्या रीसेट (जोडणी तोडणाऱ्या) पॅकेटांचा टीटीएल सरसकट ६१. ही पॅकेटे त्या पिअरांनी पाठवलेली नाहीत, जवळच्याच एका यंत्राने बनवलेली आहेत.

"पब्लिक आयपी विकत घ्या" (म्हणजे फक्त माझा असा इंटरनेट पत्ता) हाही सल्ला मिळाला. सीजीनॅटमुळे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या पद्धतीमुळे) बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडतात, हे मान्य. पण माझ्याकडून उघडलेल्या जोडण्या त्याने तुटत नाहीत, आणि सीजीनॅट काही पहाटे झोपायला जात नाही.

दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१८ मध्ये परवान्यात केलेल्या दुरुस्तीनुसार प्रोटोकॉल (डेटाच्या देवाणघेवाणीची पद्धत) पाहून वाहतूक रोखणे किंवा मंद करणे हा भेदभाव ठरतो. वाहतूक व्यवस्थापनाला मुभा आहे, पण ते प्रमाणात, तात्पुरते आणि पारदर्शक हवे. रोज संध्याकाळी लागू होणारा, कुठेही जाहीर नसलेला नियम यांतल्या एकाही अटीत बसत नाही. जाळ्यावर खरोखर ताण असेल तर उपाय जुनाच आहे : अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने २००७ मध्ये अशीच रीसेट पॅकेटे घुसवली, गदारोळ झाला, आणि २००८ अखेर त्यांनी प्रोटोकॉल न पाहता, ताण असेल तेवढ्याच वेळेपुरते, जास्त वापर करणाऱ्याला मागे ठेवणारी पद्धत आणली. तशी पद्धत जाहीर करून लावलीत तर माझी हरकत नाही.

माझ्या जोडणीवर लागू असलेले वाहतूक नियम, त्यांच्या वेळांसह, लेखी कळवावेत आणि टॉरेंटवरील निर्बंध काढावा. काढल्यावर रात्री ९ वाजता हीच चाचणी तुमच्या तंत्रज्ञासमोर पुन्हा करण्याची माझी तयारी आहे. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत देणे नियमाने बंधनकारक आहे. "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये. तो उपाय चार वेळा करून झाला आहे.

आपला ग्राहक

सोबत : डॉकेटची प्रत, वेगाचे स्क्रीनशॉट, वायरशार्कची नोंद (पेन ड्राइव्हवर)