ठराव आमचा, पैसा बांधलेला: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

पाच वर्षं मी ग्रामपंचायत सदस्य होते. त्या काळातली एक मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, अजून डोक्यातून जात नाही. शाळेच्या वाटेवर ओढा आहे. जोराचा पाऊस झाला की पोरं अलीकडेच अडकतात. ग्रामसभेत एरवी मागे बसणाऱ्या बायका त्या दिवशी उभ्या राहून बोलल्या. मोरीचा ठराव एकमताने झाला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली गेली. खात्यावर पैसेही होते, पण ते बंधित निधीचे. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. उरलेल्या 40 टक्क्यांतून आम्ही अंगणवाडीचं छप्पर करून मोकळे झालो होतो. पाणी-स्वच्छता नको असं कोणी म्हणत नाही. पण ज्या गावात नळ आहे आणि मोरी नाही, त्याने काय करायचं?

पुढच्या वर्षी अबंधित निधीत मोरीची तरतूद केली, तर अंदाजपत्रकाला माणूस मिळेना. शाखा अभियंता कितीतरी गावांना मिळून एक. तो ओढ्यावर टेप धरायला आला तेव्हा मार्च उजाडला होता. ग्रामसेवकाकडे आणखी दोन गावांचा कार्यभार, आमच्या वाट्याला आठवड्याचे दोन दिवस. त्यातला एक ऑनलाइन नोंदींत आणि डिजिटल स्वाक्षरीच्या खटपटीत जायचा. त्याला दोष कसा देऊ? रात्री आठला तो शेवटच्या एसटीची वाट बघत उभा असायचा.

पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय लिहिले आहेत. विषय कागदावर आले, ते सांभाळणारी माणसं आणि पैसा मात्र वरच राहिला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा चालवणाऱ्या राज्यात हे व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या संस्थांसाठी असतं, म्हणून निवडणूक लांबली की निधीही अडतो.

आमचंही चुकतं, तेही सांगते. घरपट्टी वाढवायचा विषय निघाला की मासिक सभेत सगळे एकमेकांकडे बघतात. थकबाकी दाखला मागायला आल्यावरच भरली जाते. पण मला असंही दिसलं की पैसा कुठे गेला हे फलकावर लावलं, तेव्हा लोकांनी आपणहून पट्टी आणून दिली. मोरी होणार असेल तर माणूस कर देतो. दुसरीकडे जमीन-घराच्या खरेदीवरच्या मुद्रांक शुल्काच्या अनुदानातला आमचा हिस्सा किती आणि कधी येणार, हे आम्हाला बजेट करताना कधीच ठाऊक नसे. अंदाजाने आकडा टाकायचा आणि वर्षभर वाट बघायची.

सरकारने मनावर घेतलं तर होतं, हेही याच राज्यात दिसलंय. 2015 पासून पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी घटक योजनेच्या निधीतले 5 टक्के थेट मिळतात आणि ते कुठे वापरायचे हे ग्रामसभा ठरवते. सगळं तिथेही सुरळीत आहे असं नाही, पण ठरवण्याचा हक्क गावाकडे आहे. तोच नियम राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या हिश्शाला बाकीच्या गावांसाठी का लागू नाही?

घटनेच्या कलम 243-आय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा आणि त्याच्या शिफारशींवर काय केलं ते विधिमंडळापुढे ठेवायचं असतं. ते वेळेवर ठेवा. मुद्रांक शुल्काच्या हिश्शाची तारीख ठरवून ती जाहीर करा. आणि आठ-दहा गावांमागे एक अभियंता द्या, जो पंचायतींना उत्तर देईल. आधी हेच केलंत तरी चालेल.

मोरीचा ठराव ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात अजून तसाच आहे. पावसाळ्याआधी कोणी टेप घेऊन आलं, तर ओढ्याची जागा दाखवायला मी स्वतः येईन.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य