जर्मनीला निघालेल्यांनो, आधी रिकाम्या घराचे फोटो काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये करार झाल्यापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा मुलामुलींना इकडे पाठवण्याबद्दल बरंच छापून येतं. भाषेचे वर्ग, व्हिसा, पगार, सगळं असतं. मी मिरजेत नर्सिंग शिकून स्टुटगार्टला आले त्याला बरीच वर्षं झाली. नव्याने आलेल्यांची कागदपत्रं माझ्या जेवणाच्या टेबलावर कायम पसरलेली असतात. ती वाचून एवढंच सांगावंसं वाटतं की, सुरुवातीची दोन-तीन वर्षं कोर्टकचेरीच्या फंदात पडू नका. आपली बाजू खरी असली तरी.

आमच्या वॉर्डातल्या एका मुलीने घर सोडलं तेव्हा मालकाने डिपॉझिटमधून चौदाशे युरो कापले. रंगकाम आणि लाकडी फरशीवरचे ओरखडे, असं कारण. मुलगी संतापली. मामा पुण्यात वकील. ते फोनवरून म्हणाले, "नोटीस ठोक, सुतासारखा सरळ होतो की नाही बघ." आपल्याकडे नोटीस ठोकणं म्हणजे निम्मी बोलणीच असतात. इथे त्या पत्राचं बिल पहिल्यांदा आपल्याच हातात पडतं. दावा लावला तर हरणाऱ्याने स्वतःच्या वकिलासोबत समोरच्याच्या वकिलाची आणि कोर्टाचीही फी भरायची, असा इथला नियम आहे. चौदाशेच्या भांडणात हा आकडा सहज हजाराच्या आसपास जातो. ओरखडा कधीचा, दुरुस्तीला किती लागतील, हे सांगायला कोर्टाने तज्ज्ञ नेमला की त्याची फी वेगळी. कामकाज जर्मनमध्ये, म्हणजे मराठी-इंग्रजीत झालेलं बोलणं पुराव्यात आणायचं तर भाषांतराचा खर्च आलाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिला मी 'मीटरफेराइन'मध्ये पाठवलं. हा भाडेकरूंचा संघ, जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतो. वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे वकील करारनामा वाचतात आणि मालकाला पत्रही लिहितात. घर रंगवलेलं नसतानाच ताब्यात दिलं असेल आणि त्याबद्दल काही सूट दिली नसेल, तर रंगकाम भाडेकरूवर ढकलणारं छापील कलम टिकत नाही, असं कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगून ठेवलंय. पत्रात ते आलं आणि रंगाचे पैसे मुकाट्याने परत आले. फरशीचे मात्र गेले. राहायला जाताना केलेल्या ताबा-नोंदीत फरशीबद्दल एक ओळ नव्हती, फोटोही नव्हता. तिला ते अजून खुपतं. मला विचाराल तर स्वस्तात सुटली.

म्हणून किल्ली हातात घेतल्याबरोबर, सामान आत आणायच्या आधी, प्रत्येक खोलीचे फोटो काढा. खिडकीची चौकट, बेसिनची कड, फरशी, काही सोडू नका. नोंदीत प्रत्येक डाग लिहून घ्या, मगच सही करा. मालक "एवढं काय त्यात" म्हणून हसला तर हसू दे. संघाची वर्गणीही तेव्हाच भरा, कारण सोबत मिळणारा कोर्टखर्चाचा विमा आधीच सुरू झालेल्या वादाला उपयोगी पडत नाही.

कोर्टापासून लांब राहायचं म्हणजे कोर्टाच्या कागदापासून लांब राहायचं, असं मात्र कोणी समजू नये. एका घरी टीव्हीखालच्या खणात मी पिवळं पाकीट पाहिलं, न उघडलेलं. "जाहिरात असेल, ताई." पाकिटावर पोस्टमनने तारीख घातलेली होती, आणि मुदत त्या तारखेपासूनच धावते. आत पैशाच्या मागणीचा कोर्टामार्फत आलेला आदेश असेल तर हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. फॉर्म सोबत असतो, फी नाही, कारणही लिहावं लागत नाही. गप्प बसलात तर मागणी खोटी असली तरी वसुली मागे लागू शकते.

नोकरीचंही थोडं सांगते. कामगार न्यायालयात पहिल्या पातळीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी आपल्यालाच भरावी लागते. कामावरून काढलं आणि दाद मागायची असेल तर मुदत फक्त तीन आठवड्यांची, तेव्हा विचार करायचा तो झटपट. शिवाय नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं, आणि रागाच्या भरात नेमकं तेच राहून जातं. मध्येच नोकरी सोडल्यास भाषाशिक्षणाचा खर्च परत करा, असं कलम नर्सच्या करारात हटकून दिसतं. ते टिकतं की नाही, हे सही करण्यापूर्वी 'फेअरे इंटेग्रात्सिओन' या मोफत सल्लाकेंद्रात विचारता येतं. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांसाठीच ते आहे, आणि वकिलाकडे धावणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

आपल्या दैनिकामार्फत सरकारला एक विनंती. मुलं निघण्यापूर्वी भाषेचे वर्ग घेताच आहात, तर त्यात धडा म्हणून खरा भाडेकरार आणि खरा नोकरीचा करार वाचायला द्या. रेल्वे स्टेशनवर तिकीट कसं मागायचं, हे इथे आल्यावर आठवड्यात जमतं.

आपली,
एक वाचक, स्टुटगार्ट (मूळ गाव मिरज)