नव्या टॅबलेटचे पहिले सेटिंग दुकानात नको, घरी व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईस किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी बडोद्यातील आईवडिलांसाठी टॅबलेट घेऊन देणे ही आता आमच्याकडील मराठी घरांत नित्याची गोष्ट झाली आहे. वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचता येते, नातवंडांशी समोरासमोर बोलता येते आणि कीर्तन, नाटक, व्याख्यान घरबसल्या ऐकता येते, म्हणून ज्येष्ठांनाही ही वस्तू हवीशी वाटते. मी अनेक वर्षे ग्रंथालयात काम केले असून निवृत्तीनंतर दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील परिचितांना अशी उपकरणे वापरण्यास मदत करते. त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला एकाच ठिकाणी सापडले आहे. टॅबलेटचे पहिले सेटिंग त्यांनी स्वतः केलेले नसते, तर दुकानातील मुलाने काउंटरवर, गर्दीच्या वेळी, स्वतःला सोयीच्या भाषेत आणि पुष्कळदा स्वतःच्याच हिशेबाने उरकलेले असते. ही पद्धत बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टॅबलेट प्रथम सुरू केल्यावर तो आधी भाषा विचारतो, मग वाय-फायची जोडणी मागतो आणि त्यानंतर गुगल खाते. खाते न देताही पुढे जाता येते. परंतु मग प्ले स्टोअरमधून ॲप घेता येत नाही. या टप्प्यावर विक्रेता विचारतो, ‘‘काका, जीमेल आयडी छे?’’ काकांच्या फोनमध्ये खाते असते, पण ते कधीकाळी मुलाने उघडून दिलेले असल्यामुळे त्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक नसतो. मागे ग्राहक उभे असतात. मग विक्रेता झटपट एक नवे खाते उघडतो, त्यात काही वेळा स्वतःचा मोबाइल क्रमांक घालतो, तर काही ठिकाणी दुकानाचेच खाते टाकून मोकळा होतो. त्याचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. परंतु या पाच मिनिटांच्या सोयीचे परिणाम पुढे कित्येक वर्षे भोगावे लागतात.

ज्या खात्याने टॅबलेट सुरू होतो, त्याच खात्यात संपर्क साठत जातात आणि बॅकअप, म्हणजे राखीव प्रत ठेवण्याची सोय, चालू असल्यास छायाचित्रेही. ते खाते परक्याच्या हाती असेल, तर घरातील छायाचित्रेही परक्याच्या हाती असतात. पासवर्ड विसरला आणि खाते परत मिळवण्याचा संकेतांक दुकानातील मुलाच्या फोनवर जात असला, तर त्या मुलाने नोकरी सोडल्यानंतर तो आणायचा कोठून? याहून मोठी अडचण टॅबलेट बिघडल्यावर उभी राहते. बहुतेक टॅबलेट ज्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, तिच्या २०१५ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीपासून चोरीला आळा घालण्यासाठी अशी सोय आहे की, रीतसर सेटिंगमधून खाते न काढता उपकरण बटणे दाबून मूळ स्थितीत आणले, तर ते पुन्हा सुरू होताना आधीचेच खाते किंवा आधीचे कुलूप मागते. ही सोय अतिशय चांगली आहे. मात्र खाते दुसऱ्याचे असेल, तर ती चोराऐवजी खऱ्या मालकालाच बाहेर ठेवते. ॲपलच्या आयपॅडवरही २०१३ पासून असेच कुलूप आहे. गुजरात शासनाच्या योजनेतून २०१७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक हजार रुपयांत टॅबलेट मिळाले आणि शिक्षण संपल्यावर त्यांतील काही घरातल्या आजी-आजोबांकडे आले. अशा हातबदल झालेल्या टॅबलेटवर जुने खाते काढले आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे, कारण विद्यार्थी एकदा नोकरीनिमित्त दूर गेला की जुना पासवर्ड त्यालाही आठवत नाही.

म्हणून फोनमध्ये जे खाते आहे, तेच टॅबलेटवर घालणे सर्वांत योग्य. पासवर्ड आठवत नसेल तर तो बदलून घ्यावा. फोन हाती असला, तर ‘हे तुम्हीच आहात का’ असा प्रश्न बहुधा फोनवरच येतो आणि होकार दिला की काम पुढे सरकते. नवा पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. पासवर्ड कोठेही लिहू नये असा उपदेश ज्येष्ठांना सर्रास केला जातो. मला तो पटत नाही. कुलूपबंद कपाटातील वही ही दुकानदाराच्या स्मरणशक्तीपेक्षा आणि टॅबलेटच्या खोक्यावर पेनाने लिहून ठेवलेल्या शब्दापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

आता भाषेविषयी. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून भाषांच्या यादीत मराठी आहे, म्हणजे ही सोय काही कालपरवाची नव्हे. तरीही बडोद्यातील मराठी माणसाच्या हाती येणारा टॅबलेट इंग्रजीत किंवा गुजरातीत असतो, कारण पहिल्या पडद्यावर यादी खाली सरकवून ‘मराठी’ निवडण्याचा आग्रह कोणी धरत नाही. आपण पिढ्यानपिढ्या गुजरातीत व्यवहार करतो आणि ती भाषा आपल्याला परकी नाही, हे खरेच आहे. परंतु वयाच्या सत्तरीत एखादी सूचना पडद्यावर अचानक उमटते आणि ‘होय’ की ‘नाही’ हे तत्काळ ठरवावे लागते, तेव्हा ती ज्या भाषेत आपण विचार करतो त्याच भाषेत असावी. एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागते, असेही नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सेटिंगमध्ये भाषांचा क्रम लावता येतो. पहिली मराठी, दुसरी गुजराती, तिसरी इंग्रजी असा क्रम लावला, तर ज्या ॲपमध्ये मराठी नाही ते गुजरातीत दिसू शकते. अँड्रॉइड १३ पासून तर अनेक ॲपसाठी वेगवेगळी भाषा ठरवता येते. बडोद्यासारख्या शहरासाठी याहून सोयीचे काय असणार? मराठी निवडल्यावर घड्याळातील आकडेसुद्धा बहुधा देवनागरीत दिसू लागतात, आणि पहिल्यांदा ते पाहून ज्येष्ठांना होणारा आनंद मी जवळून पाहिला आहे.

भाषा निवडली म्हणजे लिहिण्याची सोय झाली असे मात्र नाही. कळफलक स्वतंत्रपणे पाहावा लागतो. पुष्कळ टॅबलेटवर देवनागरी म्हणून हिंदी कळफलक ठेवलेला असतो; त्यावर ‘ळ’ शोधावा लागतो आणि ‘कैऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतील ‘ऱ’ तर अनेकांना सापडतच नाही. मग बाळासाहेबांचे बालासाहेब होतात आणि लोक लिहिणेच सोडतात. गुगलच्या कळफलकात मराठी स्वतंत्रपणे जोडता येते आणि त्यात बोटाने पडद्यावर लिहिण्याचीही सोय आहे. ज्यांनी आयुष्यभर वहीत सुंदर अक्षर काढले, त्यांच्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत चांगली वाटते. टॅबलेटच्या रुंद पडद्यावर जोडाक्षर मोकळेपणाने काढता येते आणि ते छापील अक्षरांत उमटते. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी बोलून लिहावे. गुगलने २०१७ मध्ये मराठीसह भारतीय भाषांत ही सोय आणली आणि आता ती बऱ्यापैकी अचूक लिहिते, फक्त विरामचिन्हे मागाहून घालावी लागतात. अक्षरांचा आकार आणि पडद्यावरील एकूण चित्रांचा आकार या दोन गोष्टी सेटिंगमध्ये वेगवेगळ्या असतात. दोन्ही वाढवाव्यात, केवळ अक्षरांचा आकार वाढवल्यास मजकूर मोठा दिसतो, पण बटणे बारीकच राहतात.

पहिल्या सेटिंगमध्ये एकापाठोपाठ एक संमतीचे पडदे येतात. स्थान कळू द्यावे का, बॅकअप ठेवावा का, वापराची माहिती कंपनीला पाठवावी का, असे ते प्रश्न असतात. त्यांतील बॅकअपला मी होकार द्यावा असे म्हणेन. वापराची माहिती पाठवणे आणि जाहिरातींचे संदेश स्वीकारणे यांना नकार दिल्याने टॅबलेटच्या कामात काहीही उणे येत नाही. उत्पादक कंपनीचे वेगळे खाते उघडण्याची विनंतीही येते. तिथे बहुधा ‘वगळा’ असे बटण असते आणि ते निःशंकपणे दाबावे. यानंतर काही टॅबलेटवर सुचवलेल्या ॲपची एक लांबलचक यादी येते आणि तिच्यात खेळ, खरेदी, कर्ज देणाऱ्या सेवा यांवर आधीच खुणा केलेल्या असतात. दुकानात घाईने ‘पुढील’ दाबले जाते आणि ही सगळी ॲप येऊन बसतात. मग दिवसभर येणाऱ्या सूचनांमुळे खरा निरोप कोणता आणि जाहिरात कोणती हे ओळखता येत नाही. खुणा काढून टाकण्यास दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ घरी असतो, काउंटरवर नसतो.

कुलपासाठी पिन लावावाच. टॅबलेट घरातच राहतो, त्याला कशाला पिन, असे मला नेहमी ऐकावे लागते. पण त्यात आपले ईमेल असते आणि ईमेलमधून इतर सर्व खात्यांचे दरवाजे उघडतात. जन्मवर्ष किंवा १२३४ हे आकडे घेऊ नयेत. नंतर सिस्टीमचे अपडेट पूर्ण होऊ द्यावे, त्यासाठी टॅबलेट चार्जिंगला लावून ठेवावा. खोक्यात चार्जर नसेल तर तो आधी मागून घ्यावा.

बँकेचे व्यवहार टॅबलेटवर करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेले सिम त्याच उपकरणात असावे लागते, त्यामुळे केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटवर ते सहसा होतही नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक अनोळखी माणसाची मदत घेतात आणि तो दूर बसून आपला पडदा पाहता येईल असे ॲप घ्यायला लावतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडताच ती ॲप म्हणून बसवण्याची परवानगी मागते, हाही फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. प्ले स्टोअरबाहेरील ॲप घेण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. व्हॉट्सॲपसाठी मात्र टॅबलेटमध्ये सिम लागत नाही, फोनवरील खातेच टॅबलेटला जोडता येते. फक्त फोन सलग चौदा दिवस न वापरल्यास ती जोडणी आपोआप सुटते.

हे सर्व घरी करावे म्हणजे कोणी करावे, हा प्रश्न उरतोच. मुले दूर आहेत आणि शेजाऱ्यांना वेळ नाही. येथे मला बडोद्याच्या मराठी संस्थांकडून आणि वाचनालयांकडून अपेक्षा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेला माणूस वाचत राहिला पाहिजे, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवण्याची व्यवस्था केली. नुसती पुस्तके न देता ती हाताळणारी माणसेही त्यांनी प्रशिक्षणाने तयार केली, ही बाब ग्रंथालयात काम केलेल्या मला विशेष महत्त्वाची वाटते. आज मराठी विश्वकोशाचे वीसही खंड टॅबलेटवर विनामूल्य वाचता येतात, पण ते उघडून दाखवणारे माणूस जवळ नाही. ज्या शहराने २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, तेथील संस्थांना महिन्यातील एका रविवारी सकाळी दोन तास वाचनालयात बसून असे साहाय्य करणे अशक्य नाही. तेथे एक पथ्य पाळावे: टॅबलेट ज्याचा, बोट त्याचेच. मदत करणाऱ्याने शेजारी बसून सांगावे, उपकरण स्वतःच्या हाती घेऊ नये आणि पासवर्ड टाकताना तोंड फिरवावे.

विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. उपकरण चालते की नाही, पडद्यावर ओरखडा नाही ना, एवढे दाखवून खाते मागणाऱ्या पायरीवर थांबावे आणि ग्राहकाला पुढील काम घरी करण्यास सांगावे. आपल्या दैनिकानेही या पायऱ्यांचे सचित्र पान मोठ्या अक्षरांत एकदा छापावे. ते कापून टॅबलेटच्या खोक्यात ठेवता येईल आणि ज्यांना मदत मिळणार नाही त्यांचेही काम त्यावरून होईल. असे पान तयार करण्यात काही साहाय्य हवे असल्यास मी ते आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे