ती. आई-बाबांस, टल्साहून

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मी इथे अमेरिकेत सुखरूप आहे, हे सर्वांत आधी लिहिते, कारण गेल्या रविवारी फोनवर बाबांचा आवाज ऐकून माझा जीव खालीवर झाला. जेवणखाण आणि थंडी यांविषयी आपले बोलणे होतच असते, ते पुन्हा लिहीत नाही. ‘तेल वाहत असलेल्या पाइपला भोक पाडायला तुला कोणी पाठवले?’ हा बाबांचा प्रश्न मात्र फोनवर उरकण्यासारखा नव्हता, त्यात मागे दादाच्या मुलांचा गलका चालू होता. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुमची सारी नोकरी महापालिकेच्या जलखात्यात गेली. चालू लाइनवर क्लॅम्प आवळून, पाणी बंद न करता, दाबाखालीच भोक पाडून फेरूल (घराच्या नळजोडणीचा तुकडा) बसवताना मी तुम्हाला शाळेत जाता-येता पाहिले आहे. आमचे काम हे त्याचेच मोठे रूप आहे. पाणी उडाले तर माणूस भिजतो आणि तेल उडाले तर जळतो, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण नेमक्या त्याच कारणाने इथे प्रत्येक पायरीला आधी कागद आणि मगच हत्यार हातात घेतले जाते.

पाइपभोवती दोन अर्धुकांचा जाड पोलादी टी, म्हणजे वर तोंड असलेला T आकाराचा जोड, बसवून वेल्डिंग करतात, त्यावर पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह चढवतात आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर कापण्याचे यंत्र बसते. जोडांची दाबाखाली चाचणी झाल्याशिवाय कटर पाइपला टेकत नाही. उघड्या व्हॉल्व्हमधून कटर खाली जातो, मधला लहान ड्रिल प्रथम भोक पाडतो, तेल वर चढून टी आणि यंत्रातली पोकळी भरते आणि तिथली हवा एका छोट्या नळीवाटे बाहेर काढली जाते. हवाच उरली नाही तर आत आग लागणार कशी, बाबा? मग गोल कटर पाइपची चकती कापतो. ती प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून ड्रिलमध्ये तारा असतात, त्या भोकातून आत गेल्यावर आडव्या पसरतात आणि चकतीला धरून ठेवतात. कटर वर ओढला, व्हॉल्व्ह बंद केला, की यंत्र काढून घेता येते. आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे कटर किती खाली उतरवायचा याचे गणित टीची उंची, व्हॉल्व्हची उंची आणि पाइपची गोलाई धरून आदल्या दिवशीच मांडलेले असते.

यात माझे काम पाइपची जाडी मोजण्याचे आहे. जिथे वेल्डिंग होणार तिथला रंग खरवडून, खडूने चौकटी आखून, प्रत्येक चौकटीत जेल लावून मी अल्ट्रासॉनिक मीटरचा प्रोब टेकवते आणि आकडा लिहून घेते. भिंत 6.4 मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल आणि लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड (कमी हायड्रोजनची वेल्डिंगची कांडी) वापरून नेहमीच्या रीतीने काम केले, तर वेल्डिंग करताना पाइप आरपार जळण्याची शक्यता फारच कमी असते. त्याहून पातळ असेल तर वेल्डिंगच्या विजेच्या ॲम्पिअरपासून तेलाच्या दाबापर्यंत सगळ्याचा नव्याने विचार होतो. वाहते तेल वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून नेते, त्यामुळे जोड कडक होऊन त्याला तडा जाण्याची भीती असते. प्रवाह पार थांबवला तर उलट पाइप जास्त तापतो. म्हणून प्रवाह किती ठेवायचा हेही आधी ठरते. ऑक्सिजनच्या लाइनवर तर हे काम करतच नाहीत. कापलेली चकती वर आली की मी तिची कड पुसून जाडी पुन्हा मोजते. तिची वळलेली बाजू तेलाने काळी झालेली असते आणि कड मात्र नव्या भांड्यासारखी चकचकीत. माझा आकडा आणि त्या कडेचा आकडा जुळला की मला जे समाधान होते ते तुम्हाला कळेल, आणखी कोणाला ते सांगायला मी जाणार नाही.

पाइपचा खराब झालेला तुकडा बदलायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना असेच टी बसतात आणि मधल्या भागाला वळसा घालून बायपास जोडतात. मग दोन्हीकडून रबरी सील असलेली बुचे व्हॉल्व्हमधून आत उतरवतात. तेल बायपासने जात राहते, मधला तुकडा रिकामा करून, कापून, नवा जोडला जातो. नव्या तुकड्यात तेल भरून बुचांच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा केल्यावरच बुचे वर ओढतात. शेवटी टीच्या तोंडात कायमचा प्लग बसवून व्हॉल्व्ह पुढच्या कामासाठी काढून नेतात. पलीकडच्या टोकाला तेल घेणाऱ्यांना इथे काही झाले हेसुद्धा कळत नाही. आई, आपल्याकडे मोठी जलवाहिनी जोडायची असली की चोवीस तास पाणी बंद असल्याची सूचना येते आणि तू पिंप, हंडे, पातेली, अगदी प्रेशर कुकरही भरून ठेवतेस. मुंबईच्या काही जलवाहिन्या इतक्या मोठ्या व्यासाच्या आहेत की तिथे हे तंत्र सरसकट चालेल असे मी म्हणत नाही. पण जिथे चालण्यासारखे असेल तिथे ते वापरलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तुझ्या कमरेने उचललेले ते हंडे मला इथे रोज आठवतात.

इथल्या लोकांची एक रीत मला प्रथम कळेचना. अंगणात गुलाबाचे रोप लावायचे असले, कुंपणाचा एक खांब रोवायचा असला, तरी आधी 811 या क्रमांकावर फोन करतात. फोन फुकट असतो. काही दिवसांत माणसे येतात, हातातल्या यंत्राने जमिनीखालच्या वाहिन्या शोधतात आणि गवतावर चक्क रंगाच्या फवाऱ्याने रेघा ओढून जातात. पिवळा रंग गॅस आणि तेलाचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, तांबडा विजेचा, नारिंगी टेलिफोनचा, हिरवा सांडपाण्याचा. जिथे खणायचे तिथे घरमालकाने स्वतः पांढरी खूण करायची. शेजारच्या आजीबाईंच्या हिरवळीत इवलीशी पिवळी निशाणे रोवलेली पाहून मला वाटले की त्यांच्याकडे काही समारंभ आहे. त्यांनी मला हात धरून नेऊन, गॅसची नळी कुठून जाते ते दाखवले. हा क्रमांक देशभर 2007 पासून सुरू आहे आणि टिकाव मारण्याआधी तो फिरवणे हा इथे कायदा आहे. आपल्या गल्लीत एकाने रस्ता खणायचा आणि दुसऱ्याची पाइपलाइन फोडायची, मग बाबांना जेवणाच्या ताटावरून उठून जावे लागायचे, हे ज्या घराने पाहिले त्याला या रंगांची किंमत सांगायला नको.

रात्रपाळीबद्दल वहिनीने विचारले होते. रात्रीच्या कामाला आम्ही कधीही एकटे नसतो, आणि आग विझवण्याची साधने घेऊन एक माणूस केवळ पाहत उभा असतो. एवढ्यावर बाबांनी समाधान मानावे.

आता घरचे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त रक्कम पाठवली आहे. सोमवारपर्यंत दादाच्या खात्यात जमा व्हावी. इमारतीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे वकिलांना दाखवल्याशिवाय बाबांनी सही करू नये, वकिलांची फी मी देईन. ऑपरेशनच्या वेळी मला रजा मिळणार नाही. वहिनी सगळे करील, हे मला ठाऊक आहे, आणि तिच्या एकटीवर सगळे पडते, हेही ठाऊक आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे पाठवले आहेत. ते तिच्याच हातात द्यावेत, घरखर्चात घालू नयेत.

आत्याने सुचवलेले पुण्याचे स्थळ चांगले आहे, मुलाशी माझे दोनदा बोलणे झाले. माझे काम उन्हातान्हात, पाइपलाइनवर असते, हे ऐकून तो घाबरला नाही, उलट त्याने कटरबद्दल विचारले. घाई करू नका, पण नाही असेही कळवू नका. मार्गशीर्षात धाकट्याच्या लग्नाला मी येणार म्हणजे येणार, तिकीट काढले आहे. त्या वेळी त्यांच्या घरच्यांना भेटता येईल. बांगड्यांचे माप आईने पाठवावे, आणि ऑपरेशनची तारीख ठरताच, रात्र असली तरी, मला फोन करावा.

तुमची,
लेक